म्हाताऱ्यांची जनरल शिफ्ट

सकाळी कारखान्याचा आठचा भोंगा झाला की गजभियेबाबू दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची हजेरी घ्यायला बसत.

त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात भिंतीवर एक काळी फळी ठोकलेली होती. फळीवर चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगाने आकडा. कारखान्याच्या गेटवर कामगारांची टोकनं लावायची फळी असते, हुबेहूब तशी. फरक एवढाच, की गेटवरची टोकनं पितळेची आणि ही वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली. चकतीवर खिळ्याने ठोकून सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा नंबर उमटवलेला, वर भोक, भोकात सुतळी. सेक्टरातले म्हातारे-म्हाताऱ्या ही चकती गळ्यात घालून काठी टेकत येत, आपापल्या खिळ्याला अडकवत आणि सतरंजीवर बसत. गजभियेबाबू रजिस्टर उघडून एकेक नंबर पुकारत. समोरून "हाजिर" आलं की बरोबरची खूण. खूण झाली की तब्येतीची चौकशी, आणि तीही त्याच पुकाऱ्याच्या आवाजात. बारा नंबरच्या आजीचं पोट काल किती वेळा बिघडलं हे तिच्या सुनेच्या आधी सगळ्या सडकेला कळत असे.

सव्वाआठपर्यंत एखादा खिळा रिकामा राहिला तर बाबू सायकलवर टांग टाकून त्या घरी जात. त्यांचं ऑफिस साडेनऊचं, तेवढ्यात गैरहजर माणसाचा छडा लावून ते परत येत. एकदा रामटेकेंची आजी न सांगता लेकीकडे राजनांदगावला गेली. परत आल्यावर बाबूंनी तिच्याकडून रजेचा अर्ज मागितला. आजीला लिहिता येत नव्हतं. मग अर्ज बाबूंनीच लिहिला, अंगठा तिचा घेतला आणि मागच्या तारखेने मंजूरही स्वतःच केला.

हा माणूस डोक्याने सरकलेला आहे, असं आमच्या सेक्टरातल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांच्या घरी म्हातारी माणसं होती.

श्रावण गजभिये हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे पवनीकडचे, कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसात कारकून. कामगारांच्या कुटुंबांची मेडिकल बुकं तयार करायची, हे त्यांचं टेबल. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, अंगाने काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात एक लाल आणि एक निळी पेन्सिल. फॉर्ममध्ये बारीकशी चूक सापडली तरी लाल पेन्सिल बाहेर यायची. बापाचं नाव वर एक आणि खाली दुसरं लिहिणाऱ्या फोरमनलाही त्यांनी तीन वेळा परत पाठवलं होतं. घरात एकटेच. लग्न तरुणपणी झालं होतं, बायको दोन-तीन वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं, पुन्हा लग्न केलं नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि बाकी सगळीकडे अर्जांच्या नकला.

मी त्या वेळी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आम्हाला क्वार्टर मिळालं, मी आणि माझी बायको सुमन ट्रकमधून सामान उतरवत होतो, तेवढ्यात समोरून हे गृहस्थ आले. मी हात पुसून नाव सांगायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं.

"नाव मंग सांगा जी. घरात म्हातारं किती?"

मी म्हटलं, सध्या कोणी नाही, आई वारली, वडील गावी थोरल्या भावाकडे असतात. बाबूंचा चेहरा पडला. खिशातून छोटी वही काढून त्यांनी आमच्या क्वार्टरच्या नंबरापुढे 'निरंक' असं लिहिलं आणि निघून गेले. नाव त्यांनी महिनाभराने विचारलं.

त्यांचंही बरोबर होतं. त्या वेळचं भिलाई म्हणजे जवानांचं गाव. आंध्र, केरळ, पंजाब, बंगाल, आमचा विदर्भ, सगळीकडून लोक आलेले, आणि सगळे पंचविशी-तिशीतले. शाळा बांधून झाली होती, बाळंतिणींचा वॉर्ड बांधून झाला होता. म्हातारपण नावाची गोष्ट नकाशात कुणी धरलीच नव्हती, आणि नकाशे ट्रेस करणाऱ्यांत मी होतो, म्हणून मला हे पक्कं माहीत आहे. मग हळूहळू गावाकडची माणसं यायला लागली. कुणाची आई बाळंतपणासाठी आली ती राहिली, कुणाचा बाप एकटा पडला म्हणून आला. आल्यावर ही माणसं दिवसभर एका खोलीत बसून राहत. बाहेर जावं तर ओळखीचं झाड नाही, देऊळ नाही, आणि बोलायला जावं तर शेजारीण तेलुगूत उत्तर देणार.

गजभियेबाबूंनी हे सगळ्यांच्या आधी पाहिलं, आणि पाहायची त्यांची पद्धत अजब होती. रविवारी सकाळी ते उजवा गुडघा टॉवेलने करकचून बांधत, म्हणजे पाय वाकू नये. चष्म्याच्या काचांना खोबरेल तेल फासत. मग काठी घेऊन घरापासून हॉस्पिटलपर्यंत चालत जात. सत्तर वर्षांच्या माणसाला कुठे दम लागतो, कुठे बसावंसं वाटतं, कोणती नाली ओलांडता येत नाही, हे सगळं वहीत टिपून घेत. आम्ही याला बाबूंची तपासणी म्हणायचो. एका रविवारी कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांची जीप चालली होती. त्यांना वाटलं, बिचारा अपघातातला माणूस आहे. त्यांनी बाबूंना उचलून जीपमध्ये घातलं आणि थेट हॉस्पिटलात नेऊन सोडलं. डॉक्टर टॉवेल सोडायला लागले तेव्हा बाबू शांतपणे म्हणाले, की आधी मला रांगेत किती वेळ उभं ठेवता तेवढं पाहू द्या. पुढे त्यांच्या अर्जात एक ओळ होती, 'जीपने आल्यास त्रास होत नाही, परंतु जीप दर रविवारी मिळेल असे नाही.'

असे अर्ज ते वर पाठवत राहत. हॉस्पिटलच्या रांगेत बसायला बाक असावं. पायरीला कठडा असावा. क्वार्टरचे नंबर वीतभर उंच असावेत. अर्ज परत येत, वेल्फेअरच्या साहेबांच्या सुबक अक्षरात शेरा असे की नियमात तरतूद नाही. साहेब मुळात सज्जन होते, पण नियमाबाहेर पाऊल टाकायची त्यांना धास्ती. बाबू तो शेरा वाचून हसत आणि भेटेल त्याला सांगत, "तरतूद नाही म्हंजे मनाई बी नाही ना जी."

हे वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारलं असेल याला गणतीच नाही. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट द्यायला नकार दिला तरी त्यालाही ते हेच ऐकवत.

त्या फळीवरचं पहिलं टोकन माझ्या वडिलांचं. ती गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण त्यात माझी लाज आहे.

बाबा रेल्वेत पॉइंटमन होते. गोंदियाच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर त्यांनी तीस-बत्तीस वर्षं रूळ बदलले, गाड्यांना लाल-हिरवी निशाणं दाखवली. आई गेल्यावर त्यांच्या डोक्यात घोळ व्हायला लागला. जुनं सगळं लख्ख आठवे, सकाळचं दुपारी आठवत नसे. भाऊ-वहिनी दिवसभर शेतात. घराच्या मागून रेल्वेलाइन जाते. गाडीची शिटी ऐकली की बाबा ड्यूटी समजून रुळाकडे निघत. दोनदा गावकऱ्यांनी त्यांना ओढून बाजूला केलं, तेव्हा भावाने त्यांना माझ्याकडे आणून सोडलं.

बाबूंच्या वहीतलं 'निरंक' त्या दिवशी खोडलं गेलं. ते एवढे खूश झाले की त्यांनी आमच्याकडे पपई आणून दिली.

आमचे मात्र नाकी नऊ आले. बाबा फाटक उघडून बाहेर पडत आणि परतीचा रस्ता विसरत. विसरले नसते तरी काय? सगळी क्वार्टरं सारखी. तोच पिवळा रंग, तीच हिरवी दारं, तेच फाटक. आम्ही धडधाकट माणसंसुद्धा संध्याकाळी दुसऱ्याच्या फाटकात सायकल घालायचो. एकदा बाबा दोन सडका पलीकडे एका तेलुगू कुटुंबात शिरले आणि खाटेवर बसून पाणी मागितलं. बाईला वाटलं, नवऱ्याच्या साहेबांचे वडील असतील. तिने पाणी दिलं, मग ताट वाढलं. नवरा आला, त्याला वाटलं बायकोने कुणा सज्जनाला जेवायला बोलावलंय, विचारणं बरं दिसणार नाही. तोही शेजारी जेवायला बसला. बाबा दोन वाढण्या जेवले आणि त्या बाईला म्हणाले, "सूनबाई, आज वरणात चिंच कावून टाकली वं?"

तिला ते कळलं नाही म्हणून तिने आणखी वाढलं. मी शोधत शोधत पोचलो तेव्हा तिघंही सुखात होती.

ते आठवून आम्ही आजही हसतो. पण सुमनला त्या वेळी हसू येत नव्हतं. आमची कुसुम दीड वर्षाची. एका काखेत तिला घेऊन, स्टोव्हवरची भाजी तशीच सोडून, उन्हातून बाबांच्या मागे धावायचं, असं दिवसातून दोन-तीनदा. मी ऑफिसात थंड सावलीत रेघा ओढत असे. एक दिवस बाबा कारखान्याच्या रेल्वे साइडिंगपर्यंत पोचले, इंजिनच्या ड्रायव्हरने आणून सोडलं. त्या संध्याकाळी सुमन म्हणाली, "मले त्याइचा राग नाही येत हो. मले भेव वाटते. पोरीले धरू का त्याइले धरू, सांगा."

मी दुसऱ्या दिवशी दुर्गला जाऊन बाबांचं गावाकडचं तिकीट काढून आणलं. गावी काय होणार हे मला ठाऊक होतं. घरामागे तोच रूळ, तीच शिटी, आणि पाहायला कुणी नाही. तरी काढलं. बाबांना सांगितलं तर ते उठून आपली लोखंडी पेटी भरायला लागले. निशाणांची जोडी त्यांनी सगळ्यांत वर ठेवली.

संध्याकाळी गजभियेबाबू आले. दारात पेटी पाहून थबकले. म्हातारं कुठे चाललं, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता उपदेश करतील. पण ते सुमनकडे वळले आणि तिलाच विचारलं की ती झोपते किती, जेवते कधी, शेवटची माहेरी कधी गेली. पेन्सिल काढून लिहून घेतलं. मग म्हणाले, "कारखान्यातल्या माणसाले आठ घंटे ड्यूटी अन हप्त्याची सुट्टी आहे. बाईले ड्यूटी चोवीस घंट्याची अन सुट्टीची तरतूद नाही. मले पंधरा दिवस द्या जी. भट्टीचा बी ट्रायल घेतात, तसा घेऊन पाहू."

मी तिकीट खिशात ठेवलं आणि पंधरा दिवस दिले.

ते घरून पत्रा, कात्री आणि हातोडी घेऊन आले. आमच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी चकती कापली, ठोकून ठोकून नंबर उमटवला आणि बाबांच्या गळ्यात घालायला गेले. बाबा भडकले. असा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो, म्हणाले. बाबूंनी खिशातून आपला कारखान्याचा पास काढून दाखवला आणि म्हणाले, "हा पाहा, मी बी नंबरावरच आहो. टोकन ड्यूटीवाल्यालेच भेटते बाबाजी, रिकाम्या माणसाले नाही."

बाबांनी थोडा विचार केला.

"ड्यूटी कोणती?"

हा प्रश्न मी, त्यांचा मुलगा, सहा महिन्यांत स्वतःला एकदाही विचारला नव्हता. बाबूंनी मात्र लगेच उत्तर दिलं. म्हणाले, माझ्याकडे सकाळी पाच-सहा म्हातारी माणसं येऊन बसतात, पण मोठी सडक ओलांडताना त्यांचा जीव जातो. सकाळच्या शिफ्टला सायकलींचा लोंढा असतो. तिथे निशाण दाखवणारा माणूस पाहिजे.

बाबांनी पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मोठ्या सडकेवर माझे वडील लाल निशाण धरून ताठ उभे होते. आणि काय सांगू, शेकडो सायकली थांबल्या. लाल निशाणापुढे थांबायचं, एवढं त्या गावात सगळ्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. म्हाताऱ्या हळूहळू पलीकडे गेल्या, शेवटच्या आजीची चप्पल निसटली तर ती घालून होईपर्यंत बाबांनी निशाण खाली केलं नाही. मग हिरवं दाखवलं. घर विसरणारा माणूस, पण त्या कामात वर्षभरात एकदाही चुकला नाही. बाबा सगळ्यांना सडक पार करून देत आणि परत येताना ते सगळे मिळून बाबांना आमच्या फाटकात आणून सोडत.

एकदा एका साहेबांची मोटार थांबली आणि साहेबांनी विचारलं, हे कुणाच्या परवानगीने चाललंय. बाबू सायकल टाकून धावले. तरतूद नाही आणि मनाई नाही, हे पुराण त्यांनी मोटारीच्या खिडकीशी उभं राहून पूर्ण ऐकवलं. पाच मिनिटं लागली. तेवढ्यात मोटारीमागे सायकलींची रांग लागली, घंट्या वाजायला लागल्या, आणि साहेबांनी हात जोडले.

पंधरा दिवस संपले. मी तिकिटाचं नाव काढलं नाही, सुमननेही काढलं नाही. तिकीट तसंच वाया गेलं आणि मला त्याचा फार आनंद झाला.

मग टोकनं वाढत गेली. बाबूंनी फळी केली, खिळे ठोकले, आणि या जमावाला कारखान्यातल्या दिवसपाळीचं नाव दिलं, जनरल शिफ्ट. प्रत्येकाची ड्यूटी त्याच्या जुन्या धंद्यावरून. एक पंजाबी आजोबा सैन्यात होते, त्यांच्याकडे सगळ्यांची औषधं वेळेवर देण्याचं काम. तेलुगू घरातली आजी, जिच्या मुलाकडे बाबा जेवले होते, ती पाळणाघर चालवल्यासारखी चार-पाच नातवंडं सांभाळे. दुपारी ऊन चढलं की सगळे व्हरांड्यातून उठून समोरच्या मोहाच्या झाडाखाली बसत. बाबू ऑफिसात गेले तरी त्यांच्या क्वार्टरचं दार उघडंच असे.

सुरुवातीच्या दिवसांत दोघी-तिघी घरून पाण्याचा तांब्या घेऊन येत. बाबूंच्या घरचं पाणी नको, हे त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण सगळ्यांना समजत होतं. बाबूंनाही समजत होतं. त्यांनी फक्त माठ घरातून काढून झाडाच्या सावलीत आणून ठेवला, त्यावर ओलं फडकं गुंडाळलं. वैशाख लागला. घरून आणलेलं पाणी दहा वाजताच कोमट व्हायला लागलं. एकेक तांब्या घरी राहायला लागला. बाबूंनी रजिस्टरात त्याची नोंद केली नाही, आणि त्यांनी नोंद न केलेली तेवढी एकच गोष्ट मला माहीत आहे.

सुनांसाठी त्यांनी आठवड्यातून एक दिवस सुट्टी ठरवली. ज्या घरच्या सुनेची सुट्टी, त्या घरच्या म्हाताऱ्याचं जेवण त्या दिवशी दुसऱ्या घरून. सुमनची सुट्टी बुधवारी असे. पहिल्या बुधवारी मी संध्याकाळी घरी आलो आणि विचारलं, काय केलंस दिवसभर? ती म्हणाली, झोपले. डोळे भरून आले होते तिचे, आणि तोंडावर असं काही समाधान होतं की मला माझीच शरम वाटली.

दोनेक वर्षांनी हॉस्पिटलात बाकं आली, पायरीला कठडा आला. क्वार्टरच्या नंबरांना वीतभर उंची मिळाली. साहेबांनी शेरा कसा बदलला कोण जाणे. बाबूंनी त्या दिवशी बाबांना बाकावर बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहून पाहत राहिले.

फळीवर एकोणचाळीस टोकनं झाली होती. चाळिसावा खिळा तेवढा रिकामा. कुणी नवीन आजोबा आले की बाबू फळीला खालून पट्टी जोडून नवे खिळे ठोकत, पण चाळीस नंबर देत नसत. विचारलं तर म्हणत, "तो रिझर्व आहे." आम्हाला वाटे, कुणा बड्या साहेबाच्या आईसाठी ठेवला असेल.

दरवर्षी मेडिकल बुकाचा फॉर्म भरून द्यावा लागे, त्यात आपल्यावर अवलंबून असलेल्यांची नावं. त्या वर्षी मी फॉर्म भरला. सुमन, कुसुम, बाबा, अशा तीन ओळी. बाबांची सही हवी होती. ते सही स्वतः करत, अंगठा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. मी फॉर्म आणि दौत त्यांच्यापुढे ठेवून आंघोळीला गेलो. परत येऊन कागद दुमडला आणि बाबूंच्या टेबलावर देऊन आलो.

संध्याकाळी बाबू आमच्याकडे आले. हातात तोच फॉर्म. मला वाटलं, लाल पेन्सिल चालली असणार. पण कागदावर एकही लाल खूण नव्हती. ते खाटेच्या काठावर बसले आणि मला म्हणाले, चौथी ओळ वाचा.

चौथी ओळ मी लिहिलीच नव्हती. तिथे बाबांचं थरथरतं अक्षर होतं. 'श्रावण. नाते, मोठा मुलगा.'

श्रावण म्हणजे गजभियेबाबू. डोक्यातला घोळ इथवर आला की काय? मी बाबांजवळ जाऊन हळूच विचारलं, की त्यांना मुलं किती.

"दोन," बाबा म्हणाले. "एक गावी, एक तू. हा तिसरा. वयानं मोठा आहे म्हणून मोठा लिहिलं."

मग त्यांनी जे सांगितलं, ते सांगताना एकही शब्द चुकला नाही. सकाळी काय खाल्लं हे न आठवणाऱ्या माणसाला मोहाच्या झाडाखालचं एक बोलणं महिनाभर लक्षात राहिलं होतं. बाबांनी बाबूंना विचारलं होतं, की तू म्हातारा झाल्यावर तुझी हजेरी कोण घेणार. बाबू हसून म्हणाले होते, की अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झालं की क्वार्टर खाली करावं लागतं, मग पाहू. बाबांनी आणखी विचारलं, की फॉर्ममध्ये तू कोणाकोणाचं नाव लिहितोस. बाबूंनी सांगितलं होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत निरंक.

बाबू मान खाली घालून ऐकत होते. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बाबाजी," बाबू म्हणाले, "याची नियमात तरतूद नाही जी."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मनाई आहे का?"

गजभियेबाबूंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग खिशातून कोरा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर स्वतःच्या हाताने भरला. सुमन, कुसुम, बाबा. माझी सही घेतली, बाबांची घेतली. चौथ्या ओळीत नियमाप्रमाणे निरंक लिहिलं. कारकून म्हणून ते चुकणं शक्यच नव्हतं. पहिला फॉर्म फाडून टाकायला मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो मला दिला नाही. चार घड्या घालून पेन्सिलींच्या मागे खिशात ठेवला. सुमनने जेवायला थांबा म्हटलं तर एरवी दहा कारणं सांगणारा हा माणूस मुकाट पाटावर बसला, आणि भाकरी तिसरी वाढली तेव्हाही नको म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सुमनची सुट्टी म्हणून कुसुमला घेऊन मीच बाबांबरोबर हजेरीला गेलो. नेहमीप्रमाणे नंबर पुकारून झाले. बाबूंनी रजिस्टर मिटलं, पण उठले नाहीत. खिशातून एक चकती काढून त्यांनी चाळिसाव्या खिळ्याला अडकवली. मी जवळ जाऊन पाहिली. पत्रा जुना होता, कडा तांबूस गंजलेल्या, सुतळी काळी पडलेली. स्वतःसाठी कापून ठेवलेली ती कितीतरी दिवस कोरीच पडून राहिली असणार. नंबर तेवढा ताजा ठोकलेला होता, आमच्या क्वार्टरचा.

बाबांनी शेजारून रजिस्टर ओढून घेतलं. चष्मा नाकावर सरकवला आणि प्लॅटफॉर्मवर पुकारा करावा तसा आवाज लावला.

"चाळीस नंबर?"

बाबू उभे राहिले.

"हाजिर, बाबा," ते म्हणाले.

बाबांनी बरोबरची खूण केली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, रात्री झोप लागली का. बाबू हो म्हणाले. मग सायकल काढून ते ऑफिसला गेले, आणि त्या दिवशी मला आठवतं तसं पहिल्यांदाच त्यांना पोचायला उशीर झाला.